देणगीसाठी काढलेल्या घड्याळाच्या तबकडीवर काय असावं?

तबकडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही सोळा-सतरा जण महिन्यातून एकदा माटुंग्याला भेटतो आणि घड्याळांवर बोलतो. कुणाकडे आजोबांचं एचएमटी आहे, दोघांकडे महागडी स्विस घड्याळं आहेत, बाकीच्यांना नुसतं बघायला आणि समजून घ्यायला आवडतं. यंदा आम्ही ठरवलंय की आपली स्वतःची साठ घड्याळं करून घ्यायची आणि त्यातून उभे राहतील ते पैसे परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहायची सोय करणाऱ्या एका संस्थेला द्यायचे. मी ग्राफिक डिझायनर, म्हणून तबकडी काढायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं चित्र मी दोन दिवसांत केलं. पांढरी तबकडी, बाराच्या खाली कॅन्सरजागृतीची फीत, सहाच्या वर संस्थेचं नाव. ते ३८ मिलिमीटरच्या गोलात छापून, कापून माझ्याच घड्याळाच्या काचेवर चिकटवलं आणि दिवसभर हातात घालून फिरले. संध्याकाळी लोकलमध्ये हात वर करून दांडी धरली तेव्हा पुन्हा नजर गेली. ते घड्याळ वाटेना. परिषदेत पिशवीसोबत मिळणारी भेटवस्तू वाटायला लागली. असं घड्याळ माणूस वर्षभर वापरेल का? कपाटात जाईल. आणि ते कपाटात गेलं की ज्यांच्यासाठी काढलं तेही लोकांच्या डोळ्यांसमोरून गेले.

दुसऱ्या दिवशी ओव्हल मैदानाच्या कडेने जात होते. समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी त्यासाठी २ लाख रुपये दिले, अट एवढीच की मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. आईला दिसत नव्हतं, घंटेच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून त्यांनी हे केलं, असं सांगतात. मी खाली उभी राहून बराच वेळ बघत होते. नाव अख्ख्या शहराला ठाऊक आहे, पण तबकडीकडे पाहिलं की फक्त वेळ दिसते.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. देणगीसाठी काढलेल्या घड्याळावर ते कारण कुठे दिसावं आणि किती दिसावं? मोठ्या स्विस आणि जर्मन घराण्यांनी अशी बरीच घड्याळं काढली आहेत. ज्यांनी ती पाहिली, वापरली, उघडली असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चावीवाला

ताई, धागा आवडला. माझ्या मते या प्रश्नाचं आजवरचं सगळ्यात चांगलं उत्तर जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावच्या नोमोसने दिलंय. त्यांचं टँजेंटे नावाचं घड्याळ तुम्हाला माहीत असेलच. पांढरी तबकडी, सडपातळ आकडे, बारीक काटे. संकटग्रस्त भागांत उपचार करणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी त्यांनी याच घड्याळाची खास आवृत्ती काढली आणि त्यात बदल केला तो एवढाच की बाराचा आकडा लाल केला. सहाच्या खाली, तबकडीच्या अगदी काठाला, संस्थेचं नाव इतक्या बारीक अक्षरांत आहे की मनगट डोळ्यांजवळ न्यावं लागतं.

तो लाल आकडा मला फार शहाणपणाचा वाटतो. लाल रंग त्या संस्थेच्या चिन्हातला आहेच, पण घड्याळात त्याला कामही मिळालंय. बारा कुठे हे नजरेला ताबडतोब सापडतं. समोरच्याने “हा लाल का?” विचारलं तर तुम्ही सांगायचं, नाही विचारलं तर घड्याळ आपलं काम करत राहतं. आणि पैशांची बाजूही स्वच्छ आहे. प्रत्येक घड्याळामागे १०० युरो संस्थेला गेले आणि घड्याळाची किंमत साध्या टँजेंटेइतकीच होती. म्हणजे गिऱ्हाईक जादा देत नाही, कंपनी आपल्या पदरचे देते.

आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचा मार्ग वेगळा. लॉरियस फाउंडेशन खेळांच्या माध्यमातून मुलांसाठी काम करतं. त्यांच्यासाठी आयडब्ल्यूसीने निरनिराळ्या मालिकांत खास घड्याळं काढली आहेत. तबकडी गडद निळी, त्यावर कुठे फाउंडेशनची जाहिरात नाही. मागे मात्र एका मुलाने काढलेलं चित्र कोरलेलं असतं. फाउंडेशनच्या प्रकल्पांतली मुलं चित्रस्पर्धेत भाग घेतात आणि त्यातलं निवडलेलं चित्र झाकणावर येतं. मी एक हातात घेऊन पाहिलंय. लहान मुलाच्या हातच्या वेड्यावाकड्या रेषा, आणि त्या पोलादात उतरलेल्या. घालणाऱ्याच्या कातडीला ते चित्र दिवसभर टेकलेलं असतं आणि त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडे गुप्तदान म्हणतात ते याच्या सगळ्यात जवळ जातं.

तुमच्या फितीबद्दल मी तुमच्याशी सहमत. ती काढून टाका.

भिंग_आणि_चिमटा

मी फोर्टात घड्याळदुरुस्ती करतो, यंदा एकतिसावं वर्ष. चावीवाला यांनी मागच्या झाकणाचं कौतुक केलंय, त्यावर आमच्या टेबलावरून दिसतं ते सांगतो.

झाकणावरचं कोरीव काम दोन प्रकारचं. एक लेझरने वरवर जाळलेलं, दुसरं खोल खोदलेलं किंवा ठशाने उठवलेलं. वरवरचं स्वस्तात होतं आणि नवं असताना उत्तम दिसतं. मुंबईच्या घामात, मनगटावर घासून, पाच-सात वर्षांत ते पुसट होतं. त्यात गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला आलं की म्हणतं, जरा पॉलिश पण करून द्या. पॉलिशच्या चाकावर झाकण धरलं की राहिलेलं गेलं. माझ्याकडे एकदा एक घड्याळ आलं, मागे कुठल्याशा निधीचं नाव आणि क्रमांक होता. मालकाला आधी दुसऱ्या कुणीतरी पॉलिश करून दिलेलं. नाव अर्धं उरलं होतं, क्रमांक गेला होता. त्या गृहस्थांचा चेहरा मला आठवतो. तेव्हापासून मी असं झाकण आलं की त्यावर आधी टेप लावतो आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

तेव्हा ताई, झाकणावर काही घालणार असाल तर खोल घाला आणि कडेने गोल फिरवा, मध्यावर नको. मध्यभाग जास्त घासतो.

तबकडीबद्दल. छपाई सिलिकॉनच्या मऊ बोंड्याने होते. कोरलेल्या पट्टीवरची शाई बोंडा उचलतो आणि तबकडीवर टेकवतो. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी, वेगळी फेरी, मध्ये सुकवणं. नोमोसचा एक लाल आकडा म्हणजे एक जादा फेरी. तुमच्या फितीत जांभळा, गुलाबी असे रंग घालाल तर तितक्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत केसभर सरकायची भीती. साठ नगांत दहा-बारा तबकड्या त्यातच वाया जातील.

आणखी एक आठवण. एचएमटी अंधांसाठी ब्रेल घड्याळ काढायची. काच झाकणासारखी वर उघडायची, तबकडीवर उठावाचे ठिपके, काटे बोटाने चाचपायचे. कुठल्या आवृत्तीचं नाव नाही, क्रमांक नाही. ज्यांच्यासाठी काढलं, त्यांच्याच हातात ते गेलं. तुमचं घड्याळ देणाऱ्याच्या हातात राहणार. हा फरक चित्र काढताना मनात असू द्या.

वर्सोवा_पहाट

मी समुद्राची बाजू मांडते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून सफाई चालते, मीही शनिवार-रविवार जाते. वाळूत कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिक उपसलंय, म्हणून ओरिस या स्विस कंपनीचं अक्विस डेट अपसायकल हे घड्याळ मला इतकं जवळचं वाटतं.

२०२१ मध्ये आलेल्या या घड्याळाची तबकडीच प्लास्टिकच्या कचऱ्याची आहे. पुनर्वापर केलेलं पीईटी, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, वितळवून दाबलेलं, त्यामुळे निळे, हिरवे, लाल, पांढरे ओघळ एकमेकांत मिसळलेले. ओघळ कसे वाहतील ते कुणाच्या हातात नाही, म्हणून कुठल्याही दोन तबकड्या सारख्या नाहीत. त्याआधी २०१९ च्या क्लीन ओशन आवृत्तीत त्यांनी अशाच प्लास्टिकची चकती मागच्या झाकणात बसवली होती. दोन वर्षांत ती मागून पुढे आली. मला ते पाऊल फार धीराचं वाटलं. लाखाच्या वरच्या घड्याळात लोक सोनं, शिंपला, उल्का काय काय मागतात, आणि यांनी कचरा समोर ठेवला. तो सुंदर दिसतो हे बघून मला आधी आनंद झाला आणि मग वाईटही वाटलं.

तेव्हा माझं मत असं की कारण चिन्हात शोधू नका, वस्तूत शोधा. त्या धर्मशाळेतली एखादी वस्तू, एखादा रंग, काहीतरी असेलच.

स्पष्टच_सांगतो

मला एवढा उत्साह वाटत नाही, कारण सांगतो.

रंग विकला जातो. २०२२ मध्ये झेनिथ या स्विस कंपनीने आपलं क्रोनोमास्टर ओरिजिनल हे घड्याळ गुलाबी तबकडीत आणलं, विक्रीतला २० टक्के वाटा स्तनाच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सुझन जी. कोमेन संस्थेला. २० टक्के हा आकडा मोठाच आहे आणि त्यांनी तो उघड सांगितला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुलाबी म्हणजे स्तनाचा कॅन्सर हे समीकरण इतकं वापरून झालंय की डोळ्यांना आता काहीच टोचत नाही. माझ्या बायकोला हा आजार होऊन गेला. तिला गुलाबी फीत दिलेली कुठलीही वस्तू घरात नको असते. “मला त्या वर्षाचा रंग विचारशील तर दवाखान्याच्या पडद्यांचा हिरवा,” असं ती म्हणते.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०२१ चं. पाटेक फिलिप या स्विस घराण्याचं नॉटिलस ५७११ हे घड्याळ, टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांच्या फिकट निळ्या रंगाची तबकडी, १७० नग. त्यातला पहिला नग न्यूयॉर्कला लिलावात ६५ लाख डॉलरना गेला. दुकानातली किंमत ५२ हजार डॉलरच्या आसपास होती. सगळे पैसे ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेला. पण त्या घड्याळावर निसर्गाचं काय आहे? तबकडीवर पाटेकचं नाव, टिफनीचं नाव. त्या एका लिलावाने उरलेल्या १६९ नगांची जी हवा झाली, तिची किंमत कोण मोजणार?

चावीवाला

स्पष्ट, तुमच्या पत्नीचं वाक्य मनात राहील. पण टिफनीच्या बाबतीत मी वेगळा विचार करतो. ६५ लाख डॉलर पूर्णच्या पूर्ण गेले. तबकडीवर एखादं पान कोरून पाच हजार डॉलर दिले असते तर तुम्हाला ते जास्त पटलं असतं का? मला नसतं पटलं.

जमाखर्च

मी सीए. डिझाइन मला कळत नाही, पण घड्याळासोबत येणारा कागदही डिझाइनचाच भाग आहे असं मी मानतो. “विक्रीचा काही भाग समाजकार्यासाठी” असं वाक्य मला कुठल्याही पेटीत नको आहे. काही म्हणजे किती?

ब्लॉंपेन या स्विस कंपनीने २०१४ मध्ये बॅथिस्काफ ओशन कमिटमेंट हे घड्याळ काढलं. २५० नग, प्रत्येक नगामागे १००० युरो समुद्रसंशोधनाला. कुणीही बोटांवर गुणाकार करावा, अडीच लाख युरो. नगांची संख्या मर्यादित ठेवण्याचा मला कळणारा उपयोग हाच. संख्या ठरलेली आणि वाटा ठरलेला, म्हणजे एकूण रक्कम विक्रीच्या आधीच जाहीर असते. तुमच्या साठ नगांवर प्रत्येकी किती, ते झाकणावर नसलं तरी पेटीतल्या कार्डावर आकड्यात छापा.

याच्या दुसऱ्या टोकाला ओन्ली वॉच. २००५ मध्ये मोनॅकोत सुरू झालेला लिलाव, दुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारावरच्या संशोधनासाठी. साधारण दोन वर्षांनी होतो. प्रत्येक घराणं जगात एकच असेल असं घड्याळ काढून देतं. २०१९ मध्ये पाटेकचं ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. तेव्हापर्यंत कुठल्याच मनगटी घड्याळाला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. त्याची रचना बघा. एरवी हे घड्याळ सोन्यात येतं. लिलावासाठी ते साध्या पोलादात केलं. धातू स्वस्त झाला आणि घड्याळ सगळ्यात दुर्मिळ झालं, कारण पोलादात ते पुन्हा होणार नाही. दोन तोंडांचं घड्याळ, एक तबकडी गुलाबीसर सोनेरी, दुसरी काळी, आणि एका उपतबकडीवर ‘द ओन्ली वन’ अशी अक्षरं. आजाराचा उल्लेख नाही, मुलांचा नाही. जे आहे ते ‘हे एकच आहे’ एवढंच.

आणि एवढे पैसे जमले की लोक हिशेब विचारणारच. निधीच्या वापराबद्दल जाहीर प्रश्न आले, २०२३ च्या नोव्हेंबरमधला लिलाव पुढे ढकलावा लागला आणि तो मे २०२४ मध्ये झाला. साठ नगांच्या तुमच्या उपक्रमालाही हे लागू आहे. खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

ठाण्याची_आत्या

जमाखर्च दादांनी दुशेनचं नाव घेतलं म्हणून लिहिते. माझ्या भाच्याला हा आजार आहे. आता चौदा वर्षांचा आहे.

हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. स्नायूंना धरून ठेवणारं एक प्रथिन शरीरात तयारच होत नाही. आमच्याकडे आधी जिना चढणं गेलं. जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलायचा, आम्हाला वाटायचं लाडात येतोय. मग चालणं गेलं. आता खांदे वर होत नाहीत. पण बोटं चालतात. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की धडाजवळचे स्नायू आधी जातात आणि बोटं बराच काळ साथ देतात. तो बोटांनी चित्रं काढतो, फोनवर बुद्धिबळ खेळतो.

त्याच लिलावात २०२१ ला घड्याळकार एफ. पी. जूर्न यांचं एक घड्याळ होतं. सिनेदिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी विचारलं होतं की हाताच्या बोटांनी वेळ सांगता येईल का, त्यातून ते निघालं. तबकडीच्या मध्यावर एक धातूचा हात आहे, बोटं दिसतात आणि लपतात, एकाच हाताच्या पाच बोटांच्या निरनिराळ्या खुणांनी बारा तास. त्या हाताची प्रेरणा आंब्रुआझ पारे या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच शस्त्रवैद्याने आखलेला कृत्रिम हात. ते घड्याळ ४५ लाख फ्रँकना गेलं.

मी त्याचा व्हिडिओ भाच्याला दाखवला. त्याने तो सात-आठ वेळा बघितला आणि मांडीवर ठेवलेल्या हाताने तशाच खुणा करून बघितल्या. एक, दोन, तीन. करणाऱ्यांच्या मनात आमची मुलं होती की नव्हती, मला माहीत नाही. मला त्या हातात तो दिसला. तिथे फीत असती, किंवा आजाराचं नाव असतं, तर मी व्हिडिओ त्याला दाखवलाच नसता. त्याला स्वतःच्या आजाराचं नाव कुठे लिहिलेलं दिसलं की तो मान वळवतो.

तबकडीताई, एवढंच सांगते. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्यापैकी कुणी ते घड्याळ बघेल, तेव्हा त्याला मान वळवावी लागू नये.

तबकडी

आत्या, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात वाचून दाखवला. कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. फीत कायमची रद्द.

वर्सोवा_पहाट यांच्या सूचनेवरून मी परवा त्या संस्थेत जाऊन आले. वस्तू शोधत होते. भिंतीला लावलेल्या लोखंडी खाटा, स्टीलचे डबे, दोरीवर टॉवेल. चित्रात काही येईना. स्वयंपाकघरातल्या एक ताई म्हणाल्या, इथे घड्याळ सगळे बघतात, पण वेळ कुणी विचारत नाही, डोस कधी ते विचारतात. हे वाक्य वहीत लिहून आणलंय. त्याचं काय करायचं ते कळत नाहीये.

माणदेशी

मी वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०११ ला वडिलांना घेऊन आम्ही परळला आलो. पहिले आठ दिवस फुटपाथवर काढले, मग एका ठिकाणी खाट मिळाली. माझी नोकरी म्हसवडकडे, मला अधूनमधून परत जावं लागायचं. मागे आई एकटी. आईला लिहितावाचता येत नाही. वडिलांची एक गोळी दर आठ तासांनी होती. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

वडिलांचं घड्याळ आईच्या हातात सैल व्हायचं, तरी ती घालायची. मी परळ स्टेशनबाहेर लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि काचेवर तीन ठिपके दिले. दोनवर, सहावर, दहावर. आईला सांगितलं, सकाळी खालचा, दुपारी उजवीकडचा, रात्री डावीकडचा, बारका काटा त्या ठिपक्याखाली आला की गोळी. चार महिने तिचा एकही डोस चुकला नाही. शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या नांदेडच्या, त्यांनीही आईला सांगून आपल्या घड्याळावर ठिपके करून घेतले. आणखी दोघातिघांनी केले.

वडील राहिले नाहीत. घड्याळ आहे. ठिपके थोडे उडालेत पण आहेत. त्या स्वयंपाकघरातल्या ताई डोसाचं म्हणाल्या ते वाचलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

तबकडी

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि कागद घेऊन बसले. दोन, सहा, दहा. तबकडीवर मांडून बघितलं तर तिन्ही एकमेकांपासून बरोबर चार-चार तासांवर आहेत. रेषेने जोडले तर तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होतो, टोक खाली. आठ तासांचं अंतर बारा तासांच्या तबकडीवर टाकलं की हे आपोआप होतं, पण इतकी वर्षं वर्तुळं काढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तीन आठवडे समतोल शोधत होते. तुम्ही तो तेव्हाच आईच्या काचेवर काढून ठेवला होता.

तुमची आणि तुमच्या आईंची परवानगी असेल तर आमच्या घड्याळावर तीन लाल ठिपके असतील, दोन, सहा आणि दहाला. बाकी नऊ ठिकाणी बारीक करड्या रेघा. तबकडीवर कुठलंही नाव नाही, संस्थेचंसुद्धा नाही. चावीवाला, तुम्ही म्हणाल नोमोसने बारीक का होईना नाव घातलंय. आमच्या गटातही निम्मे तुमच्या बाजूचे आहेत, त्यावर पुढच्या भेटीत बोलू. झाकणाच्या कडेने, खोल, “सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा” अशी गोल फिरणारी ओळ घालायची, हे माझ्या मनाने घेतलंय. काटे निळे आणि सडपातळ.

आज पुन्हा कागदाचा गोल कापून काचेवर चिकटवला आणि फिरून आले. लोकलमध्ये हात वर केला. घड्याळ वाटत होतं.

भिंग_आणि_चिमटा

एक रंग, एक जादा फेरी. तीन ठिपके एकाच पट्टीवर येतील, सरकायचा प्रश्न नाही. लाल शाई उन्हात लवकर उतरते, तेव्हा छापणाऱ्याला उन्हाला टिकणारा रंग मागा, आणि नमुन्याची एक तबकडी महिनाभर खिडकीत ठेवून बघा. माझ्या दुकानाची खिडकी पश्चिमेला आहे, माझ्याकडे आणून दिलीत तरी चालेल.

झाकणावरची ओळ पाव मिलिमीटर तरी खोल हवी. साठही झाकणं मी स्वतः भिंगाखाली तपासून देईन, त्याचे पैसे नकोत.

जमाखर्च

पैशांचं असं करा. घड्याळ बनवायच्या खर्चापुरते पैसे गटाने घ्यावेत आणि देणगी प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरावी. नुसतं घड्याळ विकत घेतल्याने घेणाऱ्याला करात सवलत मिळत नाही, कारण ती खरेदी झाली. थेट देणगीची पावती मात्र त्याच्या नावाने निघेल. दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीत घेऊ नका.

माणदेशी

ताई, काल गावी जाऊन आलो. तुमचं चित्र आईला फोनवर मोठं करून दाखवलं. परवानगी कशाला, म्हणाली, घाला की.

मग बराच वेळ बघत बसली. म्हणाली, दिसाचे दोन्ही डोस दिले जायचे, रात्री दहाचा अवघड. वॉर्डातली लाइट गेलेली असायची, ती घड्याळ घेऊन मोरीच्या दिव्याखाली जायची. मला हे चौदा वर्षांत माहीत नव्हतं. मी म्हणालो, ताईंना सांगतो, दहाचा ठिपका अंधारात चमकणारा करतील. त्यावर आई म्हणाली, “ठिपका दिसून काय करू? काटा बी दिसाय पायजे.”

भिंग_आणि_चिमटा

आईंचं बरोबर आहे. लाल रंगाचा चमकणारा लेप फार मंद उजळतो, हिरवट पांढरा सगळ्यात जास्त. दहाला आत पांढरा लेप आणि भोवती लाल कडं ठेवा. तासकाट्यात तोच लेप भरायचा तर काटा रुंद करावा लागेल, सडपातळ चालणार नाही.

तबकडी

रुंद करते. आज रात्रीच नवं चित्र टाकते इथे. माणदेशी दादा, झोपायच्या आधी आईंना दाखवाल का, दिवा बंद करून?